पेणकर, रोहेकर आणि थंडीतला मलिदा

आजचा भाग दोन आडनावांवर आहे, पेणकर आणि रोहेकर. तुम्ही म्हणाल, पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, यात अख्खा एपिसोड काय करायचा? गंमत अशी आहे की या आडनावांची जी घरं आज आपल्याला बघायची आहेत, ती पेण-रोह्यात आता फारशी उरलेली नाहीत. ती आहेत इस्राएलमध्ये. लोद, रामले, अशदोद, बिर्शेबा, दिमोना अशा गावांत. दारावरची पाटी हिब्रूत आणि तिच्यावर नाव रोहेकर.

ही माणसं म्हणजे बेने इस्राएल. आपल्याकडचे मराठी ज्यू. त्यांच्याबद्दल 'शनवार तेली', 'जहाज फुटलं', 'सात जोडपी वाचली' एवढं आपण कुठेतरी वाचलेलं असतं आणि विषय तिथेच संपतो. मला आज दुसरीकडून शिरायचंय. डिसेंबर आहे. नाताळच्या सुट्टीत मॉलमध्ये कापसाचा बर्फ पसरलाय, लहान मुलांच्या प्रत्येक पुस्तकात सुट्टी म्हणजे बर्फ. पेणला पहाटे शाल घ्यावी लागली तरी आपण 'काय थंडी पडलीय' म्हणतो. अशा मुलुखातल्या घरांत लहान मुलांचा हिवाळ्यातला सण काय होता? आणि ती घरं उठून खरोखरच बर्फ पडतो अशा देशात गेली, तेव्हा त्या सणाचं काय झालं?

एक छोटी गोष्ट आधी सांगतो. आपला 'हिवाळा' हा शब्द संस्कृत 'हिमकाल'वरून आलाय. हिंव, हिवाळा, सगळं हिमातून निघालेलं. म्हणजे ज्या भाषेतल्या बहुतेक पोरांनी बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर बघितला, त्या भाषेनं ऋतूच्या नावात मात्र हिम सांभाळून ठेवलंय.

आता कोकणात येऊ. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी जहाजातून येत होते, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना नवगावला पुरलं, आज तिथे स्मारक आहे. वाचलेल्यांचा वंश रायगडभर पसरला. ज्या गावात राहिले त्याचं आडनाव झालं: नवगावकर, किहीमचे किहीमकर, चौलचे चेऊलकर, दिव्याचे दिवेकर, पेणकर, रोहेकर. रोह्याला लागूनच अष्टमी आहे, नदीच्या पलीकडे, म्हणून अष्टमकर. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. पुस्तकं बुडाली होती, हिब्रू विसरली होती. उरलं काय? शनिवार, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि 'शमा' ही एक प्रार्थना. बारसं असो, लग्न असो, मयत असो, सगळीकडे तीच.

जहाजाच्या सनावळीवर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्या आजच्या गोष्टीला त्याची गरजही नाही. आपल्याला त्या घरांतलं वर्ष बघायचंय.

त्यांच्या जुन्या सणांची नावं ऐका. ज्यूंचं नवं वर्ष, रोश हशाना, याला हे म्हणायचे 'नव्याचा सण'. योम किप्पूर म्हणजे प्रायश्चित्ताचा उपास, त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, म्हणून 'दारफाळणीचा सण'. एक 'खिरीचा सण' होता. पुरीम आपल्या शिमग्याच्या आसपास येतो, त्याला सरळ 'होळीचा सण'. आणि जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याचा शोक करायचा तो दिवस म्हणजे 'बिरड्याचा रोजा'. बिरडं! रायगडचा वाल हिवाळ्यात भाताच्या ओलीवर होतो, वाळवून ठेवतात, पावसाळ्यात भिजवून, मोड काढून, सोलून बिरडं. मंदिर पडल्याचा दिवस श्रावणाच्या आगेमागे येतो, तेव्हा घरात काय असणार? वालच. तर हजारो कोसांवरच्या एका मंदिराचा शोक पेणच्या घरात केळीच्या पानावर बिरडं वाढून केला जायचा. 'संस्कृतींचा मिलाफ' वगैरे मोठे शब्द मला या एका उदाहरणापुढे वापरावेसे वाटत नाहीत.

या यादीत एक सण नाही, आणि तो नेमका मुलांचा आहे. हनुक्का. आज जगभर ज्यू मुलांचा हिवाळी सण म्हणजे हनुक्का. आठ संध्याकाळी एकेक दिवा वाढवत न्यायचा, तळलेलं खायचं, मुलांना पैसे-खेळणी मिळतात. नाताळच्या आसपास येतो म्हणून अमेरिकेत तर त्याचंही चित्र बर्फातलंच असतं. गोष्ट अशी की इ.स.पू. १६४मध्ये जेरुसलेमचं मंदिर परत शुद्ध केलं, दिव्याला एका दिवसापुरतंच तेल होतं, ते आठ दिवस पुरलं. तेलाचा सण! आणि कोकणातल्या या तेल गाळणाऱ्या लोकांना तोच माहीत नव्हता.

हाईम सॅम्युएल किहीमकर नावाचे बेने इस्राएल शिक्षक-लेखक होते, १८३० ते १९०८. त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७मध्ये लिहून पूर्ण केला, छापला गेला तो त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १९३७मध्ये, तेल अवीवला. त्यांच्या बाजूचा युक्तिवाद साधा आहे: आम्हाला हनुक्का माहीत नव्हता, म्हणजे तो सण सुरू होण्याआधीच आमचे लोक तिथून निघाले असले पाहिजेत. युक्तिवाद ऐकायला भारी आहे, पण माणसं सण विसरूही शकतात, त्यामुळे मला तो पुरावा म्हणून फार घट्ट वाटत नाही.

पुढे कोचीनचे ज्यू आले, बगदादी ज्यू आले, मिशनरी आले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. बेने इस्राएल कंपनीच्या फौजेत, मग रेल्वेत, कारखान्यांत, शाळांत नोकऱ्यांना लागले, मुंबईत वस्ती वाढली. १७९६मध्येच मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं होतं. तुम्ही हार्बर लाइनवर ज्या मशीद बंदर स्टेशनवरून जाता, त्यातली 'मशीद' म्हणजे तेच सिनेगॉग, असं सांगतात. या सगळ्यातून हनुक्का घरात आला. आणि आला तो कुठे? तर दिवाळीच्या शेजारी. हनुक्काचे आठ दिवस अमावास्येच्या दोन्ही बाजूंना पसरलेले असतात, दिवाळीनंतरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या अमावास्येला. म्हणजे पेणच्या मुलाला दिव्यांचा सण शिकवायलाच नको, शेजारी नुकताच होऊन गेलेला. भिंतीवर टांगायचा पितळी दिवा, त्यात काचेच्या छोट्या वाट्या, वाट्यांत खोबरेल. युरोपात मेणबत्त्या, आपल्याकडे खोबरेल.

याच काळातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. १८८०च्या सुमारास बेने इस्राएलांनी कीर्तन सुरू केलं. चक्क आपलं कीर्तन, पूर्वरंग-उत्तररंग, ओव्या, साक्या, दिंड्या. फक्त आख्यान योसेफाचं, मोशेचं, एलियाहूचं. सुरू करणाऱ्यांत एक होते बेंजामिन शिमशोन अष्टमकर. नाव ऐकलंत ना? आपल्या अष्टमीचं. ज्या घरातल्या बायकांना आणि मुलांना हिब्रू वाचता येत नव्हतं, त्यांना धर्म पहिल्यांदा गोष्टीसारखा कळला तो या मराठी कीर्तनातून.

आता हिवाळ्यातल्या खऱ्या सणाकडे. एलियाहू हन्नाबी म्हणजे प्रेषित एलिया. तो अग्निरथातून सदेह स्वर्गात गेला असं बायबल सांगतं. कोकणातली परंपरा पुढे जोडते की तो जाताना अलिबागजवळच्या खंडाळ्याला टेकला. तिथल्या खडकावर खूण आहे, ती त्याच्या रथाच्या चाकाची आणि घोड्यांच्या टापांची. त्या आठवणीचा दिवस म्हणजे शेवात महिन्याची पंधरावी तिथी, 'तू बिश्वात'. बाकीचे ज्यू त्याला झाडांचं नवं वर्ष मानतात आणि फळं खातात. आपले लोक त्याला म्हणायचे एलियाहू हन्नाबीचा उरूस. उरूस हा शब्द शेजारच्या मुसलमानांकडून, फळं इथल्या बाजारातली आणि नैवेद्य मलिदा.

मलिदा म्हणजे गोड पोहे. पोहे धुऊन मऊ करायचे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-बेदाणे. परातीत मधोमध पोह्यांचा ढीग, भोवती फळं, निदान पाच प्रकारची. वर एखादं गुलाबाचं फूल. एलियाहूचं गाणं म्हणायचं, एकेका फळावर आशीर्वाद म्हणायचा आणि मग वाटायचं. मूल झालं, मलिदा. लग्न ठरलं, मलिदा. नवस फेडायचा, नव्या घरात जायचं, लांबच्या प्रवासाला निघायचं, मलिदा. मुलाचं जावळ नवसानं ठेवायचं, मग काढताना केसांच्या वजनाचं सोनं-चांदी दान करायचं, अशीही रीत नोंदलेली आहे. म्हणजे बघा, लहान मूल या सगळ्याच्या मध्यभागी बसलेलं.

आशीर्वादांची एक मजा आहे. झाडाच्या फळाला एक आशीर्वाद, जमिनीतून येणाऱ्याला दुसरा. चिकू, पेरू, बोरं झाडाची. पण केळं? ज्यू धर्मशास्त्रात केळ हे झाड धरत नाहीत, कारण खोड टिकत नाही, दर वेळी बुंध्यातून नवीन येते. म्हणून केळ्याला जमिनीचा आशीर्वाद. वाडीत वाढलेल्या पोराला हे कोणी समजावून द्यायची गरजच नाही. घड काढला की केळ तोडून टाकतात, हे त्यानं डोळ्यांनी बघितलेलं असतं.

आता शेजारच्या घरात बघा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे बोरन्हाण. पाच वर्षांच्या आतलं मूल, काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, कुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, हलवा ओतायचा. बाकीची पोरं खाली पडलेलं लुटतात. बोरन्हाणाला करी राक्षसाची गोष्ट जोडून दर वर्षी व्हॉट्सअॅपवर फिरते, मला ती मागाहून चिकटवलेली वाटते. ऋतूत जे पिकतं ते मुलाच्या अंगावर ओतायचं, एवढं कारण मला पुरेसं वाटतं. आणि तू बिश्वात याच दिवसांत येतो. २०२४चं बघा: संक्रांत १५ जानेवारी, रथसप्तमी १६ फेब्रुवारी, तू बिश्वात २५ जानेवारी. त्याच दिवशी आपली पौष पौर्णिमा.

हा योगायोग नाही, आणि इथे माझ्यातला प्रोग्रॅमर दोन मिनिटं घेणार. ज्यू पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर आहे. महिने चंद्राचे, वर्ष सूर्याचं, मेळ बसवायला अधिक महिना. त्यांच्याकडे १९ वर्षांत ७ अधिक महिने ठरलेले, आपल्याकडे साधारण ३२-३३ महिन्यांनी एक. हिशेब जवळजवळ सारखाच पडतो. त्यामुळे शेवातची पौर्णिमा ही पौष किंवा माघ पौर्णिमेलाच येते, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. हिब्रू पंचांग विसरलेल्या तेल्यालाही पौर्णिमा बघून सण गाठता येत होता. आकाशात बॅकअप होता म्हणा ना.

१९४७-४८च्या सुमारास भारतात बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. १९४८ला इस्राएल झालं आणि माणसं निघाली. इथून त्यांना कोणी हाकललं नव्हतं, हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं. नवगावपासून पेणपर्यंत कुठेही त्यांच्यावर हात उगारला गेला नाही, आणि तरी ती गेली. धर्माची ओढ होती, नव्या देशाचं आकर्षण होतं, इंग्रज गेल्यावर नोकऱ्यांचं काय होणार ही धास्तीही होती. १९४८ ते १९५१ या काळात भारतातून दोन हजारांच्या आसपास माणसं गेली.

गेली ती कुठे? तंबूंच्या आणि पत्र्याच्या छावण्यांत. इस्राएलमध्ये तेव्हा रेशनिंग होतं, कडक. तांदूळ दुर्मीळ. आणि फेब्रुवारी १९५०च्या पहिल्या आठवड्यात तिथे असा बर्फ पडला की जेरुसलेम सोडाच, समुद्रकाठचं तेल अवीवही पांढरं झालं. जेरुसलेम साडेसातशे-आठशे मीटर उंचीवर आहे, तिथे अधूनमधून बर्फ पडतो. तेल अवीवला मात्र असं त्याआधी-त्यानंतर क्वचितच झालं. मी सहज त्या वर्षीचा तू बिश्वात काढून बघितला, तर २ फेब्रुवारी १९५०. त्याच आठवड्यात! म्हणजे खंडाळ्याच्या उरसाची पौर्णिमा आणि पाठोपाठ बर्फ. कोकणातून नुकत्याच आलेल्या बाईच्या बाजूनं विचार करा. मुलाच्या अंगात मुंबईहून आणलेला एखादा स्वेटर, डोक्यावर कापडी तंबू, रेशनवर पाव. मलिदा करायचा तर पोहे आणायचे कुठून, आणि ओलं खोबरं?

आपल्या पुस्तकांतला सुट्टीतला बर्फ खेळायचा असतो. छावणीतला तसा नसतो. पुढच्या, म्हणजे १९५०-५१च्या हिवाळ्यात वादळ-पावसानं छावण्यांची इतकी दैना झाली की लष्कर मदतीला आणावं लागलं, आणि बऱ्याच लहान मुलांना आईबापांपासून वेगळं करून काही काळ पक्क्या घरांत हलवलं गेलं.

शिवाय रंगाचा प्रश्न होता. पांढरा पाव युरोपातून आलेल्यांना आणि काळा पाव आम्हाला, अशी भारतीय कुटुंबांची त्या वेळची तक्रार आहे. नोव्हेंबर १९५१मध्ये बिर्शेबातल्या काही कुटुंबांनी तेल अवीवला ज्यूइश एजन्सीच्या दारात धरणं धरलं. मागणी एकच, आम्हाला परत भारतात पाठवा. गांधींच्या देशातून आलेली माणसं, धरणं धरून बसायचं कसं हे त्यांना माहीत होतं. १९५२मध्ये शंभरहून अधिक जणांना विमानानं मुंबईला परत आणलं. आणि आता गंमत बघा: परत आलेल्यांतले बरेच जण थोड्याच काळात म्हणायला लागले की आम्हाला पुन्हा तिकडे जायचंय, आणि गेलेही. यावर हसणं सोपं आहे. पण इथलं घर मोडलेलं, नोकरी सोडलेली, नातलग तिकडे. परत आल्यावर उतरायचं कुणाकडे? मला यात धरसोड वृत्ती अजिबात दिसत नाही.

तिकडे राहिलेल्यांपुढे दुसरंच वाढून ठेवलं होतं. मुलं मोठी झाली, लग्नाला आली. १९६२मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठानं निर्देश काढले की बेने इस्राएल मुलाचं किंवा मुलीचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्यांची आईकडची वंशावळ तपासावी, जितकं मागे जाता येईल तितकं. का? तर हे लोक शेकडो वर्षं एकटे पडलेले, घटस्फोटाचे ज्यू नियम त्यांना माहीत नव्हते, मग रक्त शुद्ध कशावरून? पेणच्या वाडीतली पणजी-खापरपणजी, तिचा कागद कुठून आणणार? लोक जेरुसलेमला जमले, निदर्शनं केली, उपोषणं केली. ऑगस्ट १९६४मध्ये तिथल्या संसदेनं, क्नेसेटनं, ठराव केला की बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत, आणि धर्मपीठाला निर्देशातून त्यांचं नाव काढावं लागलं. कोकणात शनिवार पाळतो म्हणून वेगळे ओळखले गेलेले लोक, आणि शनिवारच्याच देशात त्यांना दाखला मागितला गेला.

या सगळ्यातून मुलांपर्यंत काय पोचलं? हनुक्का पोचलाच, पण तो शाळेत, सगळ्यांसारखा, मेणबत्त्यांचा. नव्याचा सण, दारफाळणी ही नावं पुसट झाली. मराठी आजी-आजोबांपाशी राहिली, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक नोहा मासिल आणि त्यांच्या साथीदारांनी तिकडून वर्षानुवर्षं चालवलं, पण तिसऱ्या पिढीला ते वाचता येत नाही. टिकला तो मलिदा. लग्नाच्या आदल्या दिवशी मेंदी आणि मलिदा. मुलगा सैन्यात निघाला की मलिदा. तू बिश्वातला तिथली शाळेतली मुलं रोपं लावायला जातात, डोंगरउतारावर बदामाला पांढरा बहर आलेला असतो, आणि संध्याकाळी आजीकडे पोहे-खोबरं. खंडाळ्याचा खडक लांब पडला, म्हणून बरीच कुटुंबं हायफाला एलियाच्या गुहेत जातात. डिसेंबर २०१३मध्ये जेरुसलेम फूट-दीड फूट बर्फाखाली गेलं, शहर दोन-तीन दिवस ठप्प होतं. तोपर्यंत पोहे मात्र भारतीय दुकानांत सहज मिळत होते.

इकडे काय आहे? पेणला सिनेगॉग आहे. कुटुंबं बोटांवर मोजण्याइतकी. महाराष्ट्र सरकारनं २०१६मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा देशभरात मिळून हा समाज जेमतेम चार-पाच हजार उरला होता. लाकडी घाणे तर तेल्यांकडे फारसे उरले नाहीत, आता 'लाकडी घाण्याचं तेल' ही शहरातल्या दुकानातली महाग बाटली आहे. आणि बोरन्हाणातली बोरं आपणही बाजारातून पिशवीत आणतो, सोलापूरकडची. अमेरिकेतल्या मराठी आया बोरांच्या जागी ब्लूबेरी आणि कुरमुऱ्यांच्या जागी पॉपकॉर्न घालतात, त्यावर नाक मुरडणाऱ्यांनी एकदा आपल्या पिशवीकडेही बघावं.

खंडाळ्याला मात्र माणसं येतात. इस्राएलमधून बस भरून येतात, आधी नवगावचं स्मारक, मग खडक. जानेवारीत आलात तर दुपारी तिथे चांगलंच ऊन असतं. पंच्याहत्तरीच्या आजी मराठीत बोलतात, त्यांची मुलं इंग्रजीत, नातवंडं हिब्रूत. चाकाची खूण शोधायला मुलं आधी धावतात, मग फळं कापली जातात, परात फिरते. केळ्याला कुठला आशीर्वाद, हे तिथे अजून विचारलं जातं, आणि उत्तर द्यायला वाडीतली एखादी केळ हाताशी असते.

तर मंडळी, पेण, रोहा, अष्टमी, नागोठणे, या बाजूला तुमच्या ओळखीत कुणा घरी जुने सणांचे शब्द, मलिद्याची पद्धत, कीर्तनाची वही असं काही असेल, तर जरूर कळवा. त्यावर वेगळा भाग करू. पुढच्या आठवड्यात भेटू.